खनिज मेकअप आणि मुंबईचे ऊन: कोणत्या त्वचेला काय मानवते

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आसपास सौंदर्यप्रसाधनांची जी दुकाने आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हल्ली ‘मिनरल’ मालासाठी वेगळा कप्पा असतो. त्यात साधारण चार प्रकार मिळतात: सुट्या पावडरीचे फाउंडेशन, दाबून बसवलेले कॉम्पॅक्ट, बिनरंगी खनिज सनस्क्रीन आणि त्वचेच्या रंगाची छटा घातलेले सनस्क्रीन. घरातल्या आणि ऑफिसातल्या वेगवेगळ्या त्वचांवर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, हे चारही प्रकार वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. ब्रँडची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकाच कंपनीच्या दोन ट्यूबांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि पुढच्या बाजूच्या नावापेक्षा मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी अधिक उपयोगी पडते. माझे मत आधीच सांगते. मेकअप म्हणून खनिज पावडर उत्तम आहे, पण उन्हापासून बचाव म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. आणि गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेसाठी पैसे घालायचेच असतील, तर ते छटा असलेल्या सनस्क्रीनमध्ये घालावेत.

पावडरीच्या डबीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा, १५, कधी २५ असा असतो आणि काउंटरवर तो आकडा आवर्जून दाखवला जातो. हा आकडा खोटा नसतो, पण तो ज्या चाचणीतून येतो, तिच्यात त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर द्यावा लागतो. चेहऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला १.२ ग्रॅम पावडर लागेल. सुट्या फाउंडेशनची डबी बहुधा ८ ग्रॅमची असते, म्हणजे ती सहा-सात वेळांत संपायला हवी; प्रत्यक्षात तीच डबी आपल्याला कित्येक महिने पुरते. ब्रश झाकणात फिरवून, झटकून, मग गालावर गोलगोल घासल्यावर त्वचेवर उरते ती चाचणीतल्या थराच्या तुलनेत नाममात्र पावडर, आणि संरक्षणही त्याच मानाने उतरते. शिवाय खाली एसपीएफ ३० चे सनस्क्रीन आणि वर एसपीएफ १५ ची पावडर लावली म्हणून त्यांची बेरीज ४५ होत नाही. पावडर हा वरचा हात आहे, पाया नव्हे.

खनिज सनस्क्रीनचे काम दोन पदार्थांवर चालते, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे पदार्थ आरशासारखे किरण परतवून लावतात, असे दुकानदारच काय, पुष्कळ जाहिरातीही सांगतात. वास्तविक अतिनील किरणांपैकी फार थोडा भाग परतवला जातो. बाकीचे बहुतांश किरण हे पदार्थ शोषूनच घेतात. दोघांमधला फरक मात्र खरेदीच्या वेळी महत्त्वाचा आहे. त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांसाठी टायटॅनियम चांगले. पण खोलवर जाऊन डाग आणि सुरकुत्या आणणाऱ्या लांब लहरींच्या यूव्हीए किरणांना अडवण्यात झिंक सरस आहे. म्हणून घटकांत एकटे टायटॅनियम असलेली ट्यूब मी घेत नाही. मुंबईत हा मुद्दा आणखी लागू पडतो, कारण साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए पुष्कळसे आत येऊ देते, आणि आपला दिवस तर बसच्या, टॅक्सीच्या नाहीतर ऑफिसच्या खिडकीशी जातो. यूव्हीए संरक्षण समजण्यासाठी पीए हे मूळचे जपानी मानक पाहावे: त्यात जितकी अधिकची (+) चिन्हे, तितके संरक्षण जास्त, आणि चार चिन्हे हा सर्वोच्च दर्जा. एसपीएफच्या बाबतीत ३० चे सनस्क्रीन यूव्हीबीचा सुमारे ९७ टक्के भाग अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. त्यामुळे ५० च्या पुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात फारसे हशील नाही.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. झिंक ऑक्साइड आपल्या घरांना नवीन नाही. घामोळ्यांवर आणि पुरळावर लावायचे गुलाबी कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच. त्याचा गुलाबी रंग येतो तो त्यातल्या किंचित लोह ऑक्साइडमुळे. शिवाजी पार्कवर क्षेत्ररक्षण करणारी पोरे नाका-ओठांवर जो पांढरा पट्टा ओढतात, तेही बहुधा हेच. मात्र कॅलामाइनची बाटली सनस्क्रीन म्हणून वापरू नये. तिची एसपीएफ चाचणी झालेली नसते आणि वाळल्यावर तिचा थर भेगाळतो.

आता त्वचेनुसार. तेलकट त्वचेसाठी खनिज माल खरोखर मानवणारा आहे, आणि सुट्या पावडरीचा मी सर्वात जास्त उपयोग इथेच पाहिला. झिंक ऑक्साइड तेल शोषते, त्वचेला फारसे डिवचत नाही आणि मुरुमांच्या लालीवर ते बरे वाटते. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या कपाळावर आणि नाकावर दुपारी बारापर्यंत तेल तरंगू लागते. तिने जेलसारखे हलके, मॅट सनस्क्रीन खाली लावून वर केवळ टी भागावर, म्हणजे कपाळ आणि नाकावर, पावडर दाबायला सुरुवात केली, तेव्हा तिचा चेहरा संध्याकाळच्या लोकलपर्यंत टिकू लागला. ‘दाबायला’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. घाम आणि तेल आधी टिश्यूने टिपून घ्यावे, मग पफने पावडर दाबावी. ओल्या चेहऱ्यावर ब्रश फिरवला तर पिठाचे गोळे व्हावेत तशी ती जागोजागी गोळा होते. ट्यूबवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रोमछिद्रे न बुजवणारे) लिहिलेले असते, पण त्या शब्दावर सर्वस्वी विसंबू नये; मुरुमे येणाऱ्या व्यक्तीने आठवडाभर जबड्याच्या एका बाजूला लावून मगच निर्णय घ्यावा.

कोरड्या त्वचेची गोष्ट अगदी उलट. माझ्या सासूबाईंच्या गालांवर हिवाळ्यात कोंडा सुटल्यासारखी त्वचा निघते. मुंबईचा हिवाळा तो कितीसा, तरी पंख्याखाली आणि एसीत त्वचा ओढल्यासारखी होतेच. त्यांना सुटी पावडर लावून पाहिली, तर अर्ध्या तासात डोळ्यांखालच्या आणि ओठांच्या कडेच्या रेषा पेनाने आखल्यासारख्या उठून दिसू लागल्या. झिंक त्वचेतला ओलावा ओढते, आणि त्यावर पावडर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. अशा त्वचेसाठी ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा स्क्वालेन असलेले मलईसारखे खनिज सनस्क्रीन घ्यावे, ते मॉइश्चरायझर नीट मुरल्यावर लावावे आणि पावडर वगळावी. सासूबाईंना छटा असलेल्या मलईची एक ट्यूब एवढी पसंत पडली की आता हळदीकुंकवाला जाताना त्या दुसरे काही लावत नाहीत. मिश्र त्वचेविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे: गालांवर मलई, कपाळ-नाकावर चिमूटभर पावडर.

संवेदनशील त्वचेच्या माणसांनी खनिज मालाकडे वळणे योग्यच आहे. डॉक्टरही असे घटक अनेकदा सुचवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मांडलेल्या प्रस्तावात तिथे चालणाऱ्या १६ सनस्क्रीन घटकांपैकी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच घटक सुरक्षित आणि परिणामकारक मानले. १२ घटकांविषयी आणखी माहिती मागवली, म्हणजे ते घातक ठरवले असे नव्हे; बाजारात मात्र त्याची टिमकी भलत्याच सुरात वाजवली जाते. याच त्वचेसाठी दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. पहिली, चकाकीसाठी घातल्या जाणाऱ्या बिस्मथ ऑक्सिक्लोराइडची. त्याचे कण टोकदार आणि पत्र्यासारखे असतात, आणि काही जणांना, विशेषतः घाम आल्यावर, त्याने खाज सुटते. पावडर लावून गाल चुणचुणत असतील तर आधी हा घटक तपासावा. दुसरी, ‘नॅचरल’ म्हणून घातलेल्या सुगंधी तेलांची. लव्हेंडर असो की लिंबू, ते झिंकइतके सौम्य नसते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहिल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये.

वांग असलेल्या त्वचेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे ही तक्रार घरोघरी आहे आणि काउंटरवर तिचे उत्तर नेमके चुकते. माझ्या वहिनीच्या दोन्ही गालांवर बाळंतपणानंतर तपकिरी डाग उमटले. तिने बिनरंगी सनस्क्रीन मनोभावे लावले, पण डाग होते तिथेच राहिले. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर डाग गडद करण्यात अतिनील किरणांइतकाच दृश्य प्रकाशाचा, त्यातही निळ्या-जांभळ्या भागाचा वाटा असतो, आणि बिनरंगी खनिज सनस्क्रीन त्या प्रकाशाला पुरेसे अडवू शकत नाही. तो अडवतात ती लोहाची ऑक्साइडे, म्हणजे छटा येण्यासाठी घातलेले तांबडे, पिवळे आणि काळे रंगद्रव्य. हीच रंगद्रव्ये झिंकचा पांढुरका थरही झाकतात. म्हणून वांगावर छटा असलेले सनस्क्रीन लावणे हे निव्वळ रूप खुलवण्यासाठी नसते. वहिनीला आता त्याचा फरक दिसतो आहे, पण त्याच्या जोडीला त्वचारोगतज्ज्ञांची औषधे चालू आहेत आणि सगळे श्रेय ट्यूबला देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पांढुरका थर ही खनिज सनस्क्रीनची सर्वांत मोठी खोड आहे, आणि ती आपल्या रंगांवर पांढरीसुद्धा दिसत नाही, राखाडी दिसते. ओठांभोवती आणि भुवयांच्या मुळाशी ती सर्वात आधी दिसते. कण जितके बारीक, तितका थर पारदर्शक, पण सूक्ष्म कणांमुळेसुद्धा गडद त्वचेवर तो पुरता जात नाही. लग्नसमारंभाला जाताना तर याचा वेगळाच घोळ होतो. टायटॅनियम आणि झिंक असलेल्या बेसवर कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की चेहरा मानेपेक्षा दोन पट्ट्यांनी पांढरा येतो, आणि हॉलमध्ये आरशात जे छान दिसत होते ते अल्बममध्ये पिठात बुडवल्यासारखे दिसते. संध्याकाळच्या रिसेप्शनला खनिज सनस्क्रीनची गरजच नसते; तिथे साधे फाउंडेशन वापरावे. कोणी दिवसाच्या मुहूर्तासाठी खनिज माल लावणारच असेल, तर आधी घरी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहावा.

छटा निवडताना मी दादरच्या एका छोट्या दुकानात जो अनुभव घेतला, तो इथे नोंदवण्यासारखा आहे. दुकानातल्या मुलीने आधी नेहमीप्रमाणे मनगटाच्या मागे तीन रेघा ओढल्या आणि मधल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, “ताई, ही तुम्हाला एकदम खुलून दिसतेय.” ट्यूबलाइटखाली ती खरोखरच दिसत होती. मी रेघा जबड्यावर ओढायला सांगितल्या, तिने हातातला आरसा काढून दिला आणि स्वतःच माझ्याबरोबर फुटपाथवर आली. उजेडात मधली रेघ गुलाबी होऊन चेहऱ्यावर तरंगत होती, आणि जिला आम्ही दोघींनी पिवळट म्हणून बाजूला सारले होते, ती त्वचेत मिसळून दिसेनाशी झाली. पुष्कळ मराठी चेहऱ्यांच्या त्वचेखालून झळकणारा रंग पिवळट किंवा किंचित हिरवट-तपकिरी असतो, तर बऱ्याच आयात मालाच्या छटा गुलाबीकडे झुकलेल्या असतात. त्यामुळे ‘गोऱ्या’ क्रमांकांकडून खाली येण्यापेक्षा पिवळट छटांपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. शिवाय दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तेलाबरोबर मिसळल्यावर लोह रंगद्रव्ये एखादी छटा गडद होतात, आणि ते बिल करून घेतल्यावर कळून उपयोग नसतो. त्या मुलीने थांबू दिले, हे तिच्या पदरात घालायला हवे. टेस्टरची स्पॅट्युला मात्र तिथे एकच होती आणि प्रत्येक गिऱ्हाईक तिलाच बोटे लावत होते. मी स्वतःचा इअरबड बरोबर नेते आणि इतरांनाही तेच सुचवीन.

मुंबईच्या हवामानात एका गोष्टीचा फार गैरसमज आहे, तो म्हणजे पावसाळ्यात सनस्क्रीन लागत नाही असा. मुंबई १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. दुसऱ्या वेळी तो ढगांआड असतो, म्हणून शून्य सावली फारशी कुणाला पाहायला मिळत नाही; पण अतिनील किरण ढगांतून झिरपत राहतात, विरळ ढगांतून तर ते मोठ्या प्रमाणात येतात. एप्रिल-मेच्या दुपारी यूव्ही निर्देशांक ११ किंवा त्याच्या वर जातो, आणि ११ व त्यापुढचा आकडा म्हणजे अति तीव्र. पावसाळ्यात लागते ते पाणीरोधक सनस्क्रीन, ज्याच्या ट्यूबवर ४० किंवा ८० मिनिटे असे लिहिलेले असते; त्याचा अर्थ तेवढी मिनिटे पाण्यात किंवा घामात राहिल्यावरही संरक्षण टिकते इतकाच. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावणे हा नियम कायमच राहतो. ऑफिसात मेकअपवरून सनस्क्रीन पुन्हा कसे लावायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याला पावडर हे अर्धे उत्तर आहे. दुपारी बाहेर जेवायला जायचे असेल तर छटा असलेले सनस्क्रीन स्पंजवर घेऊन थोपटून लावावे, मेकअप फारसा हलत नाही.

खनिज पावडरीविषयी दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप श्वासाचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातले आहे. त्याचा आधार मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे आणि त्वचेवर लावण्याशी त्याचा संबंध नाही. पण दमा असलेल्या माणसाने डबी उघडून नाकासमोर पावडर झटकू नये, लहान मुलाजवळ तर मुळीच नको. त्यांनी कॉम्पॅक्ट किंवा मलई निवडावी. दुसरा आक्षेप अभ्रकाचा. चकाकी आणि घसरती पोत येते ती अभ्रकामुळे. झारखंडमधल्या कोडर्मा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रक खणताना मुले राबवली जातात, हे अनेक वर्षे उघड आहे. २०१७ साली हे थांबवण्यासाठी कंपन्यांची एक संयुक्त संघटना उभी राहिली. पाकिटावर त्याविषयी काही लिहिलेले नसेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून अभ्रक कुठून येते ते विचारावे. उत्तराची भाषाच पुष्कळ काही सांगते.

क्रॉफर्ड मार्केट आणि भुलेश्वरच्या गल्ल्यांत हाच माल निम्म्या किमतीत दिसतो. तिथे सगळेच बनावट असते असे नाही, पण आयात मालाच्या डबीवर भारतातल्या आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असायलाच हवा, असे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत आहे. देशी मालावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि वापरण्याची मुदत असते. यातले काही खरडलेले असेल, किंवा वरून चिकटवलेल्या कागदाखाली दुसरीच तारीख असेल, तर सवलत कितीही असो, हात आखडता घ्यावा. ‘गोरे करणारे खनिज क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या डब्यांत पारा सापडल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो.

किमतीचा हिशेब सरळ आहे. छटा असलेल्या देशी ट्यूबा साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतात, आयात माल त्याच्या दुप्पट आणि त्याहून अधिक. ५० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये दर खेपेला १.२ ग्रॅम धरल्यास सुमारे चाळीस खेपा होतात, म्हणजे मान सोडून केवळ चेहऱ्यासाठी ती जेमतेम सव्वा महिना पुरते. ट्यूब वर्षभर चालत असेल, तर आपण लावतो ते पुरेसे नाही. दोन बोटांवर काढलेल्या दोन रेघा हे चेहरा-मानेचे सोपे माप आहे. महिन्याचा खर्च परवडत नसेल तर महागडी ट्यूब घेऊन वाटाण्याएवढी लावण्यापेक्षा स्वस्त ट्यूब घेऊन मनसोक्त लावावी, आणि पावडरीवरचा खर्च आधी कापावा. काही देशी कंपन्या पाच-दहा ग्रॅमच्या लहान ट्यूबा विकतात. छटेविषयी खात्री नसेल तर सुरुवात त्यांच्यापासून करावी, कारण उघडलेली ट्यूब बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.